पडद्यावरचा पाऊस आणि शर्यतीतला न्याय

बैलगाड्यांची शर्यत ज्यांनी एकदा तरी पाहिली आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे पहिल्याने उभी राहते ती धूळ. गाडे सुटतात, आरोळी उठते आणि क्षणार्धात मैदानावर तांबड्या धुळीचा पडदा पसरतो. जो पुढे निघाला त्याला वाट स्वच्छ दिसते. जो मागे पडला त्याच्या डोळ्यांत आणि तोंडात पुढच्याच्या चाकांची धूळ जाते. असे असूनही धुळीमुळे आपल्यावर अन्याय झाला, अशी तक्रार घेऊन पंचांकडे गेलेला गाडीवान सहसा आढळत नाही. कारण उघड आहे. धूळ सर्वांची आहे. शर्यत सुटण्यापूर्वी ती कोणाच्याच वाट्याला आलेली नसते. आणि जो पुढे जातो त्याला ती चुकवण्याचा हक्क त्याच्या बैलांनी मिळवून दिलेला असतो.

आता श्रोत्यांनी अशी कल्पना करावी की, एका गाडीवानाजवळ एक चमत्कारिक कळ आहे. ती दाबली की त्याच्यापुरती धूळ नाहीशी होते. बैल तेच, गाडा तोच, मैदानही तेच. त्याने दुसऱ्याच्या चाकात काठी घातलेली नाही की कोणाची वाट अडवलेली नाही. तो फक्त पाहू शकतो, आणि इतरांना दिसत नाही. अशा गाडीवानाला पंचांनी बक्षीस द्यावे काय?

हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ कल्पनेतला वाटेल. परंतु आज जगातील असंख्य तरुण आपापल्या घरी बसून ज्या शर्यती खेळतात, त्यांपैकी अनेक शर्यतींत ही कळ खरोखरच आहे. ती कोणा जादूगाराने दिलेली नाही. खेळ तयार करणाऱ्यांनीच ती पर्यायांच्या यादीत मांडून ठेवलेली आहे. त्या शर्यती म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील मोटारींच्या शर्यती, आणि तेथील धूळ म्हणजे पाऊस, धुके व चाकांनी उडवलेले पाणी.

या खेळांत हवामान प्रथमपासून होते असे नाही. १९८२ साली जपानमधील नामको कंपनीने ‘पोल पोझिशन’ नावाचा खेळ काढला. जपानमधील फुजी येथे मोटारींच्या शर्यतींचा जो खरा मार्ग आहे, त्यावर हा खेळ बेतलेला होता. मागे फुजी पर्वत आणि वर आकाश असे त्याचे चित्र होते. सडकेवर मधूनमधून पाण्याची डबकी असत आणि त्यांत चाक गेले की गाडीचा वेग मंदावे. पण ते पाणी कोठून आले याचा खुलासा करणारा पाऊस मात्र कधी पडत नसे. पुढे यंत्रांची शक्ती वाढली, तसा पाऊसही आला. २००० साली ‘ग्रां प्री ३’ या खेळात पावसातील शर्यती आल्या. २०१५ च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ६’ मध्ये ठरलेल्या वळणांवर खोल डबकी साचू लागली. २०१९ मध्ये इटलीतील कुनोस या संस्थेने ‘असेटो कोर्सा कॉम्पेतित्सिओने’ हा खेळ पुरा करून बाजारात आणला. त्यात शर्यत चालू असतानाच आभाळ भरून येते, सडक भिजते आणि गाड्यांच्या वर्दळीने पुन्हा सुकते. ‘आयरेसिंग’ ही अमेरिकेतील सेवा २००८ पासून चालू आहे. तिने तर जवळजवळ सोळा वर्षे कोरड्या सडकेवर काढली आणि मार्च २०२४ मध्ये आपल्या खेळाडूंना पहिला पाऊस दाखवला.

पावसाचे हे आगमन खेळाडूंना आनंदाचे वाटले, यात नवल नाही. परंतु हा पडद्यावरचा पाऊस एक नसून वस्तुतः दोन आहेत, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्याच्या न्याय-अन्यायाचा विचार करता येणार नाही.

पहिला पाऊस सडकेवर पडतो. त्याने टायरांची पकड कमी होते, ब्रेक लागण्यास अधिक अंतर लागते, वळणावर गाडी बाहेर ओढली जाते, कोरड्या सडकेचे टायर काढून पावसाळी टायर चढवावे लागतात. हा पाऊस म्हणजे गणित आहे. अनेक जण मिळून शर्यत खेळतात तेव्हा एक मध्यवर्ती संगणक, ज्याला सर्व्हर असे म्हणतात, सर्वांसाठी हवामान ठरवतो. सडक किती भिजली हे तो सर्वांना सारखेच कळवतो. बेळगावचा खेळाडू असो वा बर्लिनचा, भिजलेल्या वळणावर दोघांच्याही गाड्या सारख्याच घसरतात. या पावसात पक्षपात नाही.

दुसरा पाऊस डोळ्यांपुढे पडतो. काचेवरचे थेंब, पुढील गाडीच्या मागे उठणारा पांढरा फवारा, दूरचे झाड गिळून टाकणारे धुके, सडकेवर चमकणारे प्रतिबिंब, विजेचा लखलखाट, हे सारे त्यात येते. हा पाऊस म्हणजे चित्र आहे. आणि हे चित्र सर्व्हर काढत नाही. सर्व्हर इतकेच सांगतो की, अमुक गाडी अमुक जागी, अमुक वेगाने आहे आणि पाऊस इतका आहे. त्या माहितीवरून चित्र रंगवण्याचे काम प्रत्येकाचा घरचा संगणक करतो. एखाद्या कीर्तनकाराने एकच आख्यान सांगावे आणि प्रत्येक श्रोत्याने आपापल्या मनात त्याचे निराळे चित्र रंगवावे, तसाच हा प्रकार आहे. कोणाच्या पडद्यावर काय रंगले आहे, हे सर्व्हरला ठाऊक नसते. म्हणूनच पहिला पाऊस कोणाला बंद करता येत नाही. दुसरा मात्र पुष्कळदा एका पर्यायाने विरळ करता येतो किंवा नाहीसाच करता येतो.

दिसण्याच्या या पावसाचे शर्यतीत मोल किती, हे समजण्यासाठी खऱ्या शर्यतींकडेच वळले पाहिजे. पावसात धावणाऱ्या चालकाला निसरड्या सडकेपेक्षाही अधिक भय वाटते ते न दिसण्याचे. आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या घाटातून भर पावसाळ्यात ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. पुढील मालमोटारीचा तांबडा दिवा हाच तेथे रस्ता असतो. तो धुक्यात विझला की कसलेला चालकही गाडी कडेला घेतो. फॉर्म्युला वन शर्यतींतील गाड्यांनाही मागे असाच तांबडा दिवा असतो आणि पावसात तो लावणे नियमाने बंधनकारक असते. तरीही अपघात टळत नाहीत. ७ ऑगस्ट १९८२ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे, शर्यतीच्या आदल्या दिवशी पावसात सराव चालू असता, दिदिए पिरोनी याची फेरारी गाडी आलां प्रोस्त याच्या गाडीवर मागून आदळली. उडणाऱ्या पाण्याच्या पडद्याआड असलेली प्रोस्तची गाडी त्याला दिसलीच नाही. पिरोनी त्या वर्षीच्या अजिंक्यपदाच्या गुणतक्त्यात सर्वांच्या पुढे होता. तो पुन्हा कधीही फॉर्म्युला वन शर्यतीत उतरू शकला नाही.

२९ ऑगस्ट २०२१ रोजी बेल्जियममधील स्पा येथे तर स्पर्धकांनी सुरक्षा-गाडीच्या मागून मोजक्याच फेऱ्या काढल्या; पाऊस आणि न दिसणे यांमुळे खरी शर्यत झालीच नाही, आणि चालकांना निम्मे गुण देऊन विषय मिटवावा लागला. त्यानंतर या शर्यतींची नियामक संस्था असलेल्या एफ.आय.ए.ने चाकांवर बसवावयाच्या आच्छादनांची चाचणी जुलै २०२३ मध्ये इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे घेतली. उडणारे पाणी थोडे तरी कमी व्हावे, एवढाच त्यामागील हेतू होता. खऱ्या जगात अभियंते इतके श्रम आणि द्रव्य खर्च करून जे साधू पाहतात, ते पडद्यावरील खेळाडूला बोटाच्या एका हालचालीने साधते. ही सवलत किती मोठी आहे, याची यावरून कल्पना यावी.

खऱ्या पावसातही सर्वांना सारखेच दिसते असे नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. जो सर्वांच्या पुढे आहे त्याच्यासमोर उडणारे पाणी नसते. दहाव्या क्रमांकाचा चालक मात्र नऊ गाड्यांच्या फवाऱ्यातून वाट काढतो. १९६८ मध्ये नुर्बुर्गरिंग येथील जर्मन ग्रां प्री शर्यत पाऊस आणि धुके यांतच झाली. जॅकी स्ट्यूअर्टने पहिल्याच फेरीत आघाडी घेतली आणि अखेरीस चार मिनिटांहून अधिक अंतराने ती जिंकली. पुढे असण्याचा लाभ त्याला झाला, हे खरे. पण तो लाभ त्याने त्याच पावसात, त्याच धुक्यात, सर्वांच्या देखत मिळवला होता. विषमता शर्यतीतून जन्माला आली तर तो शर्यतीचाच भाग असतो. विषमता शर्यतीच्या बाहेरून, एका कळीतून आली तर तिला निराळे नाव द्यावे लागेल.

आता पडद्याकडे परत येऊ. समजा, दोन मुले एकाच शर्यतीत उतरली आहेत. एक बेळगावात आहे, दुसरा वडोदऱ्यात. दोघांचे कौशल्य सारखे, गाड्या सारख्या, सडक सारखीच ओली. पहिल्याने पाऊस पुरता चालू ठेवला आहे, कारण त्याला त्या दृश्याची आवड आहे आणि पावसात गाडी चालवणे म्हणजे हेच, असे त्याला वाटते. दुसऱ्याने थेंब, फवारा आणि धुके ही तिन्ही बंद केली आहेत. गाडीचा वेग ताशी २०० किलोमीटर आहे. म्हणजे एका सेकंदात ती सुमारे ५५ मीटर पुढे जाते. वळणाच्या आधी १०० मीटरवर फलक आहे आणि तेथे ब्रेक लावावयाचा आहे. दुसऱ्या मुलाला तो फलक दूरवरून दिसतो. पहिल्याला, धुक्यामुळे ५० मीटरांपलीकडचे काही दिसत नसेल, तर फलक दिसल्यापासून तो मागे पडेपर्यंत अवघा नऊ दशांश सेकंद मिळतो. माणसाला पाहून हालचाल करण्यास साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी जवळजवळ १४ मीटर, म्हणजे मोटारीच्या तीन लांबींइतकी पुढे गेलेली असते. मग पहिला मुलगा धास्तीने लवकर ब्रेक लावतो आणि मागे पडतो. किंवा धैर्याने उशिरा लावतो आणि पुढच्याला धडकतो. दोन्ही प्रसंगी दोष त्याच्याच माथी येतो.

त्यात आणखी एक भर आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाण्याचा फवारा रंगवणे हे संगणकाला फार जड जाणारे काम आहे. अर्धपारदर्शक अशा शेकडो लहान चित्रांचे थर एकावर एक रंगवावे लागतात, आणि जेथे गाड्यांची दाटी, तेथे हे थरही दाट. म्हणजे सर्वांत बिकट क्षणी संगणक सर्वांत अधिक दमतो. सेकंदाला ६० चित्रे दाखवणारे यंत्र ३० वर आले, तर ताशी २०० किलोमीटर वेगात एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत गाडी सुमारे ९३ सेंटिमीटरांऐवजी सुमारे १८५ सेंटिमीटर पुढे उडी मारते. ज्याने फवारा बंद केला त्याला वाट तर दिसतेच, शिवाय त्याचे चित्रही सुरळीत चालते. लाभ असा दुहेरी आहे. आणि तो ज्याला ठाऊक आहे, त्यालाच मिळतो.

याचा परिणाम काय होतो, हे पाहण्यासारखे आहे. जेथे जिंकण्याला मोल असते, तेथे चाणाक्ष खेळाडू एकामागून एक पाऊस बंद करू लागतात. मग ज्या कारागिरांनी महिनोन्‌महिने खपून तो थेंब काचेवरून ओघळवला, त्यांचे श्रम पाहण्यास उरतो तो केवळ नवखा, भोळा किंवा रसिक खेळाडू. आणि तोच हरतो. सौंदर्याची आवड हीच शिक्षा होऊन बसते. खेळाने स्वतःच्या सर्वांत सुंदर गोष्टीवर असा दंड बसवावा, यासारखी विपरीत गोष्ट दुसरी नाही.

हा पोरखेळ आहे, त्यात एवढा खल कशासाठी, असे कोणी म्हणेल. पण आता हा केवळ पोरखेळ राहिलेला नाही. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ज्या आभासी क्रीडामालिका भरवल्या, त्यांत मोटारशर्यतीसाठी ‘ग्रान तुरिस्मो’ हा खेळ निवडला होता. २०२३ मध्ये चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ई-क्रीडांना पदके होती. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ई-क्रीडांना बहुक्रीडा स्पर्धांच्या वर्गात स्थान दिले, आणि २०२५ च्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने पैशांच्या खेळांपासून त्या वेगळ्या काढून त्यांना खेळ म्हणून मान्यता दिली. जेथे पदक आले तेथे पंच आला, आणि जेथे पंच आला तेथे न्यायाचा प्रश्न टाळता येत नाही.

पावसाने निर्माण केलेला न्यायाचा पेच क्रिकेटप्रेमी श्रोत्यांना अपरिचित नाही. २२ मार्च १९९२ रोजी सिडनी येथे विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. पावसाने थोडा वेळ घेतला आणि त्या वेळच्या नियमाने अखेर एका चेंडूत २१ धावांचे अशक्य गणित पुढे आले. पाऊस दोन्ही संघांवर पडला होता; अन्याय झाला तो पावसाने नव्हे, नियमाने. पुढे डकवर्थ आणि लुईस यांची पद्धत आली आणि १९९७ मध्ये ती प्रथम वापरली गेली. हवामान कोणाच्या हाती नसते, पण हवामानाविषयीचा नियम माणसाच्याच हाती असतो, हा त्यातील बोध पडद्यावरील पावसालाही लागू पडतो.

मग सरळ नियम करावा की, स्पर्धेत सर्वांनी पाऊस पुरता चालू ठेवलाच पाहिजे? वाटतो तितका हा उपाय निर्दोष नाही. सर्वांचे संगणक सारखे नसतात. ज्याच्या घरी नवे, महागडे यंत्र आहे, त्याच्या पडद्यावर मुसळधार पाऊसही सुरळीत पडेल. ज्याने जुने यंत्र कसेबसे चालते ठेवले आहे, त्याचे चित्र पहिल्याच वळणावर अडखळेल. त्याने फवारा बंद केला तो जिंकण्याच्या लोभाने नव्हे, खेळता यावे म्हणून. त्याला सक्ती करणे म्हणजे पावसाच्या नावाखाली गरिबीला दंड करणे होय. काहींना काचेवर सतत हलणाऱ्या थेंबांनी मळमळ होते. काहींची दृष्टीच अधू असते. विजेच्या लखलखाटाची गोष्ट तर याहून गंभीर आहे. डिसेंबर १९९७ मध्ये जपानच्या दूरदर्शनवर ‘पोकेमॉन’ या मालिकेच्या एका भागात तांबडा-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला, आणि सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हा असला लखलखाट बंद करण्याची सोय ही चैन नव्हे, ती गरज आहे.

म्हणजे पर्याय द्यावा तर अन्याय, आणि न द्यावा तरी अन्याय, असा हा पेच दिसतो. परंतु थोडा विचार केला तर त्यातून वाट निघते. पाऊस सुंदर आहे की कुरूप, खरा वाटतो की खोटा, हा येथे प्रश्नच नाही. प्रत्येक दृश्याला एकच प्रश्न विचारावयाचा: हे दृश्य खेळाडूपासून काही झाकते काय? आकाशातील ढगांचा रंग, झाडांच्या पानांवरील चमक, प्रेक्षकांच्या हातांतील छत्र्या यांनी कोणाची वाट झाकली जात नाही. त्या ठेवाव्यात की काढाव्यात, हे ज्याचे त्याने ठरवावे. विजेचा लखलखाटही कोणापासून काही लपवत नाही. तो बंद केल्याने कोणी पुढे जात नाही. धुके, फवारा आणि काचेवरचे थेंब मात्र पुढची गाडी झाकतात, वळण झाकतात. हे झाकणारे दृश्य सडकेइतकेच शर्यतीचा भाग आहे. ते ठरवण्याचा अधिकार स्पर्धकाचा नसून स्पर्धेचा असला पाहिजे. जे झाकते ते सर्वांचे. जे केवळ सजवते ते ज्याचे त्याचे.

सर्वांचे असावे याचा अर्थ ते दाटच असावे असा नव्हे. सर्वांत दुबळ्या यंत्राला जेवढे पेलते, तेवढेच धुके आणि तेवढाच फवारा स्पर्धेने सर्वांसाठी ठेवावा. थोडा पण सारखा पाऊस हा भरपूर पण विषम पावसापेक्षा केव्हाही बरा. ते जमत नसेल तर सडक ओली ठेवून दृष्टी सर्वांचीच मोकळी ठेवावी. निसरड्या वळणावर कौशल्य पारखण्यास तेवढेही पुरे आहे.

हा अधिकार स्पर्धेने वापरावा, यात नवीन असेही काही नाही. नवशिक्यांच्या सोयीसाठी अनेक खेळांत सडकेवर एक रंगीत रेषा काढून दाखवलेली असते. कोठून जावे आणि कोठे ब्रेक लावावा, हे ती सांगते. ‘असेटो कोर्सा कॉम्पेतित्सिओने’ मध्ये सर्व्हर चालवणाऱ्या संयोजकाला ही रेषा सर्वांसाठी बंद करता येते, आणि गाडी सावरणाऱ्या इतर साहाय्यांवरही मर्यादा घालता येते. ‘आयरेसिंग’ मध्ये गाडी चालवावयाची ती चालकाच्या आसनावरूनच. गाडीच्या मागे उंचावरून पाहत चालवण्याची मुभा तेथे नाही. म्हणजे खेळाडूने काय पाहावे आणि कोठून पाहावे, हे ठरवण्याचा हक्क खेळांनी पूर्वीच मान्य केलेला आहे. तो रेषेला आणि आसनाला लागू असेल, तर धुक्याला का नसावा?

अधू दृष्टीच्या किंवा मळमळ होणाऱ्या खेळाडूचे काय? त्याला सवलत द्यावी आणि ती उघडपणे द्यावी. शाळेच्या परीक्षेत दृष्टिहीन विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो, अधिक वेळ मिळतो. त्यावर कोणी आक्षेप घेत नाही, कारण ती गोष्ट नियमात लिहिलेली असते आणि सर्वांना ठाऊक असते. तोच अधिक वेळ दुसऱ्या कोणी घड्याळाचा काटा मागे फिरवून मिळवला, तर तिला लबाडी म्हणतात. सवलत आणि पळवाट यांत दिसण्यात फारसा फरक नसतो. एक जाहीर असते, दुसरी गुप्त असते, एवढाच तो फरक, आणि तोच सर्वस्व आहे. ज्याने धुक्याशिवाय फेरी पुरी केली त्याच्या नावापुढे तशी खूण असावी. विक्रमांची यादी दोन ठिकाणी लिहावी. एकाचा विक्रम दुसऱ्याच्या विक्रमाशी ताडून कोणाचा उपमर्द होऊ नये. आणि ज्या वेळी स्पर्धाच नाही, कोणी संध्याकाळी दोन घटका मन रमवण्यास एकटाच सडकेवर उतरला आहे, त्या वेळी त्याने पाऊस पाडावा, थांबवावा, हवे तर बर्फ आणावे. तेथे पंचांचे काही काम नाही.

एवढे करूनही एक फट उरते, आणि ती कोणत्याही नियमाने पुरती बुजत नाही. चित्र घरच्या संगणकावर रंगते. आणि घरच्या संगणकात फेरफार करणारा माणूस, सर्व्हरने कितीही बजावले तरी, आपल्या पडद्यावरचे धुके पुसू शकतो. मैदानात पंचांचे डोळे असतात, प्रेक्षकांचे असतात. येथे दार बंद असते, आणि पडद्यासमोर एकच माणूस असतो. त्या खोलीतला पंच तोच. तेथे नियमाची हद्द संपते आणि माणसाच्या सचोटीची सुरू होते.

या संदर्भात फुजीची आठवण पुन्हा येते. पडद्यावर पावसाविना जो मार्ग १९८२ साली रंगला, त्याच खऱ्या मार्गावर सहा वर्षांपूर्वी, २४ ऑक्टोबर १९७६ रोजी, धो धो पाऊस पडत होता. त्या वर्षातली ती शेवटची शर्यत होती. ऑस्ट्रियाचा निकी लाउडा तीन गुणांनी पुढे होता. अवघ्या बारा आठवड्यांपूर्वी, १ ऑगस्टला, नुर्बुर्गरिंग येथे त्याची गाडी पेटली होती. त्या आगीत त्याच्या चेहऱ्याला आणि डोळ्यांना इजा झाली होती. फुजीच्या पावसात त्याला समोरचे काही दिसेना. दोन फेऱ्या झाल्यावर त्याने गाडी आत आणली आणि तो उतरला. संघाच्या मुख्य अभियंत्याने, फोर्गिएरी याने, इंजिन बिघडले असे सांगण्याची तयारी दाखवली. म्हणजे अजिंक्यपद गेले तरी लोकांत मान राहिला असता. लाउडाने ते नाकारले. आपण आपल्या निर्णयाने थांबलो, हेच त्याने सांगितले. जेम्स हंट त्या दिवशी तिसरा आला आणि एका गुणाने अजिंक्य ठरला.

लाउडाजवळ पाऊस बंद करण्याची कळ नव्हती. खोटे बोलण्याची सोय मात्र होती, आणि ती त्याने वापरली नाही. पुढल्याच वर्षी, १९७७ मध्ये, त्याने अजिंक्यपद परत मिळवले. पडद्यावर शर्यत खेळणाऱ्या आपल्या मुलांना त्या खेळाचे नियम समजावून सांगताना वडील माणसांनी ही गोष्टही सांगावी. म्हणजे बंद खोलीत बोट त्या कळीपाशी जाईल, तेव्हा ती त्यांना आठवेल.